वर्गणीच्या 'सोप्या' संगणकाचा खरा खर्च कसा काढावा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहणाऱ्या माझ्या आत्याला तिच्या मुलाने पुण्याहून एक 'सोपा संगणक' पाठवला, तेव्हा त्याच्या खोक्यावर 'महिना ७५० रुपये' एवढाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला होता. पडद्यावर फक्त सहा मोठी चित्रे होती. एकाला बोट लावले की नातीचा चेहरा दिसे, दुसऱ्याला लावले की अभंग सुरू होत, आणि बाकी काही दिसतच नसल्याने भलत्याच ठिकाणी बोट पडण्याची धास्तीही नव्हती. सव्वीस महिन्यांनी ते बंद करायचे ठरले, तोपर्यंत आत्याच्या खात्यातून १९,५०० रुपये गेले होते, यंत्र कंपनीला परत द्यायचे होते आणि त्यात साठवलेले अकराशे फोटो उतरवून घेण्यासाठी तीस दिवसांची मुदत होती. "पैसं भरायचं थांबलं तर माझं फोटो कुठं जायचं रे?" असे आत्याने मला तेव्हा विचारले. हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी कंपनीला विचारायला हवा होता.

ते यंत्र वाईट नव्हते. हिशेब आम्ही केला नव्हता. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या अनेक घरांत असा निर्णय घेताना मी सोबत बसलो आहे, आणि त्यातून जी पद्धत हाताशी आली ती येथे मांडतो. ज्यांच्या घरी आई-वडील किंवा सासू-सासरे प्रथमच संगणक हाताळणार आहेत, त्यांना ती उपयोगी पडावी.

हप्ता वेगळा आणि वर्गणी वेगळी

आपल्याकडे दरमहा जाणाऱ्या कोणत्याही पैशाला सरसकट 'हप्ता' म्हणतात, आणि पहिली चूक तेथेच होते. फ्रिजचा हप्ता बारा महिन्यांनी संपतो आणि फ्रिज आपला होतो; भिशीत दरमहा पैसे भरले तरी एक दिवस आपला नंबर लागतो. वर्गणीला मात्र शेवट नसतो आणि नंबरही लागत नाही. पैसे भरणे थांबले की सेवा थांबते, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये यंत्रही परत जाते किंवा निरुपयोगी होते. म्हणून दुकानदार किंवा फोनवरचा प्रतिनिधी 'हप्ता' हा शब्द वापरू लागला, तर शेवटचा पैसा भरल्यावर यंत्र कोणाच्या नावावर असेल, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

कंपन्या वर्गणीचा मार्ग का धरतात, हे समजून घेतले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. अमेरिकेत २००० च्या सुमारास नेटप्लायन्स नावाच्या कंपनीने 'आय-ओपनर' हे नवख्यांसाठीचे छोटे इंटरनेट यंत्र ९९ डॉलरला, म्हणजे स्वतःच्या खर्चापेक्षाही कमी किमतीला, विकायला काढले; तोटा भरून निघणार होता तो महिना २१.९५ डॉलरच्या वर्गणीतून. काही तंत्रज्ञ ग्राहकांनी त्या स्वस्त यंत्रात हार्ड डिस्क बसवून त्याचा साधा संगणक केला आणि वर्गणी भरलीच नाही, तेव्हा कंपनीचे गणित कोलमडले व तिने लवकरच तो व्यवसाय सोडून दिला. त्याच काळात पीपलपीसी ही कंपनी संगणक आणि इंटरनेट मिळून महिना २४.९५ डॉलर आकारत होती, पण तीन वर्षांच्या कराराने. म्हणजे एकूण सुमारे ८९८ डॉलर. यंत्र जितके स्वस्त किंवा फुकट, तितका कंपनीचा जीव वर्गणीत अडकलेला असतो. त्यामुळे तिला ग्राहक सहजासहजी सुटू द्यायचा नसतो, आणि कंपनीच बंद पडली तर घरातल्या यंत्राला दुसरा धनीही मिळत नाही.

आधी आठ दिवसांची यादी

किमतीकडे जाण्यापूर्वी, ज्यांच्यासाठी संगणक घ्यायचा त्यांच्या शेजारी बसून एक यादी करावी. एका वहीच्या पानावर आठ दिवस, कोणत्या कामासाठी त्यांना दुसऱ्याला हाक मारावी लागली, एवढेच लिहायचे. यंत्र परत गेल्यावर आम्ही आत्याचे पान केले, त्यात नातीशी व्हिडिओवर बोलणे, अभंग ऐकणे, महावितरणचे बिल भरणे, निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, कागल तालुक्यातल्या जमिनीचा सातबारा आणि फोटो पाहणे, अशी सहा कामे निघाली.

मग प्रत्येक कामासमोर 'फोनवर होते का' असे लिहावे. हयातीचा दाखला, म्हणजे जीवन प्रमाण, आता अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवूनही काढता येतो. त्यासाठी बोटांचे ठसे घेणारे वेगळे उपकरण किंवा संगणक लागत नाही. बिल आणि व्हिडिओ कॉलही फोनवर होतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये शुल्क भरून घरबसल्या मिळतो, पण तो बहुधा छापून हवा असतो. म्हणजे तेथे प्रश्न संगणकाचा उरत नाही, छपाईचा उरतो, आणि वर्षातून दोन वेळा छपाई लागत असेल तर कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान पुरते.

आत्याच्या यादीत खऱ्या अर्थाने मोठा पडदा हवा असलेली दोनच कामे उरली: नातीचा चेहरा मोठा दिसणे आणि फोटो. ज्यांना पत्रे लिहायची आहेत, सोसायटीचा हिशेब ठेवायचा आहे किंवा डोळ्यांच्या तक्रारीमुळे फोनवर वाचणे जमत नाही, त्यांची यादी वेगळी होईल आणि त्यांना संगणक घेणे योग्यच ठरेल. यादी न करता घेतलेली वर्गणी मात्र बहुतेक वेळा फोनवर फुकट होणाऱ्या कामांसाठीच भरली जाते.

आकडेमोड

आता एक खरे उदाहरण घेऊ. रिलायन्स जिओने २०२५ मध्ये जिओपीसी ही सेवा आणली. यात घरातला टीव्ही, जिओचा सेट-टॉप बॉक्स, कीबोर्ड आणि माऊस एवढेच आपल्याकडे असते. प्रत्यक्ष संगणक दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे कंपनीकडच्या मोठ्या संगणकावर, चालतो आणि त्याचे चित्र इंटरनेटवरून टीव्हीवर येते. सेवा सुरू झाली तेव्हाचा दर महिना ५९९ रुपये अधिक जीएसटी असा होता आणि वर्षाच्या प्लॅनला ४,५९९ रुपये अधिक जीएसटी घेऊन तीन महिने जादा, म्हणजे एकूण पंधरा महिने दिले जात होते. दर बदलत असतात, म्हणून घेताना चालू दर पाहावा. येथे पद्धत दाखवण्यापुरते हेच आकडे धरतो.

५९९ वर १८ टक्के जीएसटी लावला की महिना ७०७ रुपये होतात. तीन वर्षांचे, म्हणजे छत्तीस महिन्यांचे, सुमारे २५,४५० रुपये. वर्षाचा प्लॅन करासह ५,४२७ रुपयांना पडतो. तीन वर्षे भरून काढायला तो तीनदा घ्यावा लागेल, म्हणजे सुमारे १६,२८० रुपये, आणि जादा महिन्यांची सवलत कायम राहिली तर त्यात पंचेचाळीस महिने मिळतील. एकाच सेवेच्या दोन किमतींत एवढे अंतर असते, आणि नवख्या माणसाला बहुधा महिन्याचीच किंमत सांगितली जाते, कारण ती ऐकायला लहान वाटते.

यात आता लपलेला खर्च मिळवायचा. घरी ब्रॉडबँड आधीपासून असेल तर तो खर्च धरू नये. पण तो या यंत्रासाठीच घ्यावा लागत असेल तर पूर्ण धरावा. समजा तो महिना ५०० रुपये अधिक कर, म्हणजे ५९० रुपये आहे. तीन वर्षांचे २१,२४० होतात. कीबोर्ड-माऊसचे बाराशे रुपये. अशा रीतीने दरमहा भरणाऱ्याचा तीन वर्षांचा खर्च ४७,८९० रुपयांच्या घरात जातो आणि वार्षिक प्लॅनवाल्याचा ३८,७२० च्या. टीव्ही घरात एकच असेल आणि संध्याकाळी त्यावर मालिका लागत असतील, तर दुसऱ्या पडद्याचीही किंमत यात येते. हा खर्च कागदावर कोणी दाखवत नाही, पण घरोघरी तो निघतो.

दुसऱ्या बाजूला, ३०,००० रुपयांचा साधा लॅपटॉप घेतला, पाच वर्षे वापरला आणि मध्ये ४,००० रुपये दुरुस्तीला गेले असे धरले, तर साठ महिन्यांनी भागून महिना ५६७ रुपये पडतात. इंटरनेटचा खर्च त्यालाही आहेच, पण तो फोनच्या डेटावर भागू शकतो. दरमहाच्या ७०७ रुपयांपेक्षा विकतचा लॅपटॉप स्वस्त पडतो, पण वार्षिक प्लॅन महिना ३६२ रुपयांना पडत असल्याने तो लॅपटॉपपेक्षाही स्वस्त ठरतो. म्हणून वर्गणी म्हणजे लूट असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. लग्नकार्याला भांडी भाड्याने आणतात आणि रोजची भांडी विकत घेतात, तसाच हा विचार आहे: मुलीच्या दहावीच्या वर्षापुरता संगणक हवा असेल तर भाड्याचा बरा, आणि आईला पुढची सात-आठ वर्षे वापरायचा असेल तर भाड्याचे महिने मोजून पाहावेत.

विजेचा हिशेब फार वेळ घेण्यासारखा नाही. शंभर वॅटचा संगणक रोज चार तास चालला तर महिन्याला बारा युनिट होतात. आपल्या बिलावरच्या दराने गुणावे.

वर्गणीत माणूस मिळतो का

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. नवख्या माणसाला अडचण येते ती पडद्यावर चित्रे जास्त असल्याने नव्हे, तर अडल्यावर विचारायला कोणी नसल्याने. आत्याच्या यंत्राचे चित्र एका रात्रीत बदलले, अभंगांचे चौकोनी चित्र वरच्या रांगेतून खालच्या रांगेत गेले, आणि ती दोन दिवस ते बंद पडले असे समजून बसली. मदतीच्या क्रमांकावर तिने फोन लावला, तेव्हा ध्वनिमुद्रित आवाज इंग्रजी आणि हिंदीत एक ते सात आकडे दाबायला सांगत राहिला. फोन कानाशी धरावा की आकडे दाबावेत या गडबडीत तिसऱ्यांदा फोन तुटल्यावर तिने तो ठेवून दिला. ७५० रुपयांत जे विकत घेतले असे आम्हाला वाटत होते, ते त्यात नव्हतेच.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. ज्यांच्यासाठी यंत्र घ्यायचे त्यांनाच संध्याकाळी सातनंतर कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करायला सांगावे आणि आपण शेजारी नुसते बसावे. किती वेळाने माणूस बोलला, तो मराठीत बोलला का, आणि 'माझा आवाज येत नाही' या साध्या तक्रारीवर त्याने काय सांगितले, हे घड्याळ लावून लिहावे. जेथे पाच मिनिटांत मराठी बोलणारा, धीर धरणारा माणूस मिळतो, तेथे महिना दोनशे रुपये जास्त द्यावे लागले तरी मी ते द्यायला सांगेन. मात्र घरी येऊन दुरुस्ती म्हणजे कोठून येऊन, हेही विचारावे. जवळचे सेवा केंद्र पुण्यात किंवा बेळगावात असेल, तर 'घरपोच सेवा' या शब्दांना कोल्हापुरात फारसा अर्थ उरत नाही.

दुरून पडदा पाहून मदत करण्याची सोय चांगली असते, परंतु तिचा गैरवापरही होतो. मदत आपण मागितली असेल तरच ती स्वीकारायची. समोरून आलेल्या फोनवर 'तुमचा संगणक बिघडला आहे, हे ॲप टाका' असे कोणी म्हटले तर फोन ठेवायचा, ही गोष्ट पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राशेजारी चिकटवावी. पैसे गेल्याचे लक्षात आले तर तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

बाहेर पडण्याची वाट आत शिरण्यापूर्वी पाहावी

कंपनीला ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर लेखी विचारावे: किमान किती महिने घ्यावेच लागते, मध्येच सोडल्यास दंड किती, अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळते, यंत्र परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, आणि फोटो व कागदपत्रे एकत्र उतरवून घेता येतात की एकेक करून. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर तेथेच थांबावे. आम्ही अकराशे फोटोंसाठी तीन संध्याकाळी बसलो. प्रत्येक फोटो उघडायचा, तीन टिंबांवर बोट ठेवायचे, 'जतन करा' दाबायचे आणि मागे यायचे. प्रिंटर आणि कॅमेरा चालतो का, हेही नक्की विचारावे, कारण दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या संगणकाला घरातली उपकरणे जोडता येतीलच असे नसते.

आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांविषयी रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, पण ते माहीत असावे लागतात. कार्ड किंवा यूपीआयवरून असा आवर्ती व्यवहार होण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. बहुतेक आवर्ती व्यवहारांत १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, आणि म्हणूनच पैसे नकळत जात राहतात. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे'खाली चालू परवानग्यांची यादी दिसते आणि तेथूनच त्या रद्द करता येतात. मात्र परवानगी रद्द करणे म्हणजे करार रद्द करणे नव्हे. कंपनीला लेखी कळवून तिची पोच ठेवावी आणि मगच परवानगी काढावी. यासाठी लागणारा मोबाईल क्रमांक ज्येष्ठांच्या स्वतःच्या हातातला असावा, नाहीतर सूचना पुण्याला जाते आणि पैसे मंगळवार पेठेतून.

सेवा सुरू करणे सोपे आणि बंद करणे मुद्दाम अवघड ठेवणे, यालाही आता नाव आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत 'वर्गणीचा सापळा' हा ग्राहकांची फसवणूक करणाऱ्या तेरा प्रकारांपैकी एक मानला आहे. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पावसाळ्याचा विचार

कोल्हापूरकराला हा हिशेब पावसाळा वगळून करता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले तेव्हा काय झाले, हे नागाळा पार्क आणि शाहूपुरीच्या सखल भागातल्या घरांना सांगावे लागत नाही. दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या संगणकाचा मोठा गुण असा की, घरात पाणी शिरले तरी कागदपत्रे आणि फोटो सुरक्षित राहतात. भिजला तर टीव्ही भिजतो, आयुष्यभराच्या आठवणी भिजत नाहीत. त्याच संगणकाचा दोष असा की, केबल तुटली किंवा वीज गेली की तो पूर्ण थांबतो, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर बॅटरी असेपर्यंत जे वाचता येते तेही त्यावर वाचता येत नाही. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी यंत्र कोणतेही घेतले तरी सातबारा, बँक पासबुक आणि विम्याच्या कागदांची एक प्रत फोनमध्ये आणि दुसरी बाहेरगावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. ज्यांच्या गल्लीत इंटरनेट एरवीही आठवड्यातून दोनदा जाते, त्यांनी अशी वर्गणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना संगणक घरात असेल तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, संपला, आणि त्यानंतर अनेक घरांत चांगला चालणारा संगणक 'जुना झाला' म्हणून कोपऱ्यात गेला. तो टाकण्यापूर्वी त्यात एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकता येते का, हे दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे. ही प्रणाली मोफत आहे, तिची भाषा मराठी ठेवता येते, आणि लिबर ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे ही कामे कोणत्याही वर्गणीविना होतात. आत्यासाठी आम्ही भावाचा आठ वर्षांचा लॅपटॉप असाच तयार करून घेतला. एसएसडी आणि मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला. पडद्यावर आम्ही चारच मोठी चित्रे ठेवली, अक्षरे दीडपट केली आणि बाकी सर्व लपवले. सोप्या संगणकाचा सोपेपणा एवढाच असतो, आणि जाणकार माणूस तो एका दुपारी करून देऊ शकतो.

नवेच घ्यायचे आणि काम मुख्यतः इंटरनेटवरचे असेल तर क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, हेही पाहावे. फक्त त्या मॉडेलला सुरक्षा अद्यतने कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहेत, हे दुकानातच तपासावे, कारण स्वस्तात विकल्या जाणाऱ्या जुन्या मॉडेलची मुदत संपत आलेली असू शकते.

उरलेल्या पैशांतून आत्याने शिवाजी पेठेत राहणाऱ्या एका पदवीच्या विद्यार्थिनीला महिन्यातून दोन रविवार यायला सांगितले आहे, दर वेळी दोनशे रुपये. ती आली की आत्या आधी चहा ठेवते आणि मग वही काढते. पंधरा दिवसांत जे अडले ते त्यात तारखेसह लिहिलेले असते. मुलगी स्वतः माऊसला हात लावत नाही, फक्त सांगते. उत्तर आत्याच्या हाताने होते आणि प्रश्नाखालीच तिच्या अक्षरांत उतरते. महिना चारशे रुपये हा खर्चही वर्गणीसारखाच आहे आणि हिशेबात तो प्रामाणिकपणे धरायला हवा: तीन वर्षांचे १४,४०० रुपये. गेल्या चार महिन्यांत मात्र वहीतली पाने कमी भरू लागल्याने आता महिन्यातून एकच रविवार पुरेसा होत आहे.